नितळ पाण्याचे काका

पाणी सगळेच पितात. पण पाण्याची परीक्षा घेऊन, त्याला पास करून मगच पिणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या सौ.चे काका. तांब्या, फुलपात्र, चरवी यांच्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "पितळेला लपवायची सवय असते, जावईबापू," असं म्हणून ते कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला काचेचा पेला काढत, पाणी त्यात ओतून घेत आणि एक डोळा मिटून, पेला उजेडाकडे धरून इतका वेळ बघत राहत, की शेवटी तहान आपल्यालाच लागे. सोलापुरातल्या एका गिरणीच्या रंगखात्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. पाणी गढूळ आलं की कापडावर रंगाचे डाग उठतात, ही एक गोष्ट ते तिथे शिकले आणि घरीदारी सगळीकडे तिचाच अंमल चालवू लागले. सात रस्त्यावरचा हॉटेलवाला त्यांना लांबून पाहिलं की ओरडायचा, "काका, तुमारे वास्ते अलग छान के रखा हूँ!" तरीही पेला उजेडाकडे जायचाच. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी पाण्याच्या पिंपांतून तुरटी फिरवली, ती अशी सढळ हातानं की पंगतीतल्या सगळ्यांची तोंडं आवळून आली. व्याही रागानं लाल झाले होते, आणि हे मात्र एकेका वऱ्हाड्याला हाताला धरून पिंपाचा तळ दाखवत होते.

निवृत्त झाल्यावर काका मोहोळजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. गावाला एक तळं होतं आणि तळ्याकाठी त्यांचा लहानपणचा सवंगडी मल्लू भोई राहत होता. या मल्लूचं पोट त्या तळ्यावर. दुष्काळात तळं आटलं तेव्हा बिचाऱ्यानं जाळं आढ्याला टांगलं आणि बायकोला घेऊन खडी फोडायला गेला. मग पाऊस झाला, तळं भरलं, ओढ्याच्या पाण्याबरोबर मासळी परत आली, बगळे आले, टिबुकल्या बुड्या मारू लागल्या. मल्लू जाळं काढून पुन्हा पाण्यात उतरला, तेव्हा काठावर बसलेले काका लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. फक्त पाणी हिरवं होतं. ते काकांना बघवेना. मित्राच्या दारात असं शेवाळी पाणी असावं, ही त्यांना स्वतःचीच बेअब्रू वाटत होती.

त्यांची धाकटी मुलगी जेऊरच्या पुढे, भीमेकाठच्या एका गावात दिली होती. तिच्याकडे गेले असता त्यांना नदीच्या वाळूत बारके पिवळसर शिंपले दिसले. काकांनी त्यातले मूठभर एका बादलीतल्या गढूळ पाण्यात सोडले आणि नेहमीप्रमाणे बघत बसले. संध्याकाळपर्यंत बादलीचा तळ दिसायला लागला. त्या रात्री आनंदाच्या भरात ते जेवलेच नाहीत, असं मुलगी सांगायची. दुसऱ्या दिवशी दुधाच्या कॅनमध्ये शिंपले घेऊन स्वारी जेऊरला पॅसेंजरमध्ये बसली आणि दर स्टेशनावर उतरून कॅनमधलं पाणी बदलू लागली. "काय हाय वो कॅनीत?" असं कुणी विचारलं की काका गंभीरपणे सांगायचे, "पाहुणे आहेत. मोहोळला उतरायचंय त्यांना."

पाहुणे तळ्यात उतरले आणि बघता बघता घरचेच झाले. दुसऱ्या वर्षी पाणी असं नितळ झालं, की बाया घागर भरताना पायरीखालचे खडे मोजू लागल्या. काकांनी एक पांढरी चिनी मातीची ताटली दोरीला बांधली होती. ती पाण्यात सोडायची आणि कुठवर दिसते ते बघायचं, हा त्यांचा रोजचा नेम. मी गेलो की चहाच्या आधी ताटली. गावानं त्यांना हार घातला. हार घालायला मल्लूच पुढे होता.

मग हळूहळू जाळं हलकं येऊ लागलं. जी मासळी यायची तिचं डोकं तेवढं मोठं, अंग सुतासारखं. जाळ्यात शिंपलेच ओझ्यानं येत. मल्लूनं काकांना बोल लावला नाही. त्याचा तर्क निराळाच होता. "आण्णा, पानी लई चकाक झालंय की. माशास्नी जाळं दिसाय लागलंय." त्यानं जाळं बाभळीच्या सालीत काळं केलं. काकांनी आपल्या रंगखात्याच्या अनुभवानं रंग पक्का करून दिला. दोघे म्हातारे चुलाणावर जाळं उकळत बसलेले मी पाहिले आणि पोट धरून हसलो. पण काळ्या जाळ्यातही काही आलं नाही. टिबुकल्या गेल्या, पाठोपाठ बगळे गेले. एका उन्हाळ्यात मल्लूनं जाळं पुन्हा आढ्याला टांगलं आणि तो सोलापूरला एका अडत दुकानी पोती उचलायला गेला.

त्यानंतर मी गेलो तेव्हा काका काठावर पेला धरून बसले होते. ताटली कुठे दिसेना. "बघा," म्हणून त्यांनी पेला माझ्या हाती दिला. मी म्हटलं, "काका, आरसा आहे नुसता!" ते म्हणाले, "तेच की हो. पूर्वी यात धुळीएवढे जीव वळवळायचे. त्यांच्यापायी मी पाणी फेकून द्यायचो. आज सकाळपासून शोधतोय, एकसुद्धा नाही." मग ते सदरा काढून पाण्यात उतरले आणि शिंपले वेचून काठावर टाकू लागले. गाळ मुठीत घेतला की त्यात कणीएवढी पिल्लंच पिल्लं. मी हात धरून त्यांना वर आणलं, तर म्हणाले, "मला मल्ल्याकडे न्या."

मल्लूची खोली गिरणीमागच्या चाळीत होती. आम्हांला पाहून त्यानं पोतं अंथरलं. काका बसलेही नाहीत. "मल्ल्या, तुझे मासे माझ्या शिंपल्यांनी खाल्ले."

मल्लू हसला. "शिंपा कुटं मासा खातोय व्हय?"

"मासा नाही रे. पाण्यातलं हिरवं खाल्लं. ते बारक्या जिवांचं अन्न होतं. ते जीव उपाशी मेले, त्यांच्यावरची मासळी गेली, मासळीवरचे बगळे गेले." काकांनी खोलीभर नजर फिरवली. "आणि तू हितं आलास."

मल्लूचं हसू गेलं. तो बराच वेळ आपल्या खांद्यावरचा घट्टा चोळत राहिला. मग उठला, कोपऱ्यातल्या घागरीतून पितळी तांब्या भरला आणि पुढे केला. "उनाचं आलायस आण्णा. पानी पी."

नळाला त्या आठवड्यात गढूळ पाणी येत होतं. मी काकांच्या खिशाकडे पाहिलं. पेला तिथेच होता. काकांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला, डोळे मिटले आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेला आमच्याकडे आहे. सौ. तो घासूनपुसून ठेवते आणि कधी काकांची फार आठवण आली की त्यात मला पाणी देते. मी ते उजेडाकडे धरून बघतो, एक डोळा मिटून. त्यात काहीच दिसत नाही, आणि मला भरून येतं.