गोष्टीच्या आधीचं नाव

कॉपीराइट हा शब्द आमच्या शाळेत भांडणातून आला. वडश्याच्या पुढं, जंगलात आत, दोनशिक्षकी शाळा. एक चित्रांचं पुस्तक मी वडश्याहून अख्खं झेरॉक्स करून आणलं आणि आजूबाजूच्या चार शाळांत वाटलं. माझे सहकारी म्हणाले, "सर, जेलात जासान एखाद दिवशी." मी भडकलोच. पोरांना शिकवणं गुन्हा आहे काय? दोन दिवस आम्ही बोललो नाही.

पुढं चंद्रपूरला प्रशिक्षण होतं, तिथं मी उभा राहून हाच प्रश्न विचारला. शिकवणाऱ्या मॅडमनी शांतपणे सांगितलं, वर्गात शिकवायला लागेल तेवढं घ्यायची मुभा कायद्यात आहे, पण अख्खं पुस्तक छापून गावोगाव वाटणं वेगळं. मग म्हणाल्या, मुक्त परवाना म्हणून एक सोय असते. लिहिणारा आधीच सांगून ठेवतो की घ्या, छापा, वाटा, आपल्या बोलीत करा. अट एकच, माझं नाव द्या. मला हे भलतंच आवडलं. परतीच्या बसमध्येच ठरवलं, दुसऱ्याचं पुस्तक कशाला, आपलंच काढू.

आमच्या पोरांची घरची बोली गोंडी. पुस्तकातलं मराठी त्यांना परकं वाटायचं. गावात एक बाई होती, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणारी, साठीच्या पुढची. शनिवारी शाळेत येऊन गोष्टी सांगायची, गोंडीत आणि आमच्या झाडीबोलीतही. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत. तिच्या घरची एक रीत होती. गोष्ट सुरू करायच्या आधी ती कोणाकडून ऐकली ते नाव घ्यायचं, त्या माणसानं कोणाकडून ऐकली तेही. मला वाटायचं, हे पाल्हाळ. तिचं ते उरकलं की मी मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करायचो. मेमरी कमी होती ना!

अस्वलाला मोहाची फुलं मोजायला बसवणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी लिहून काढली. पोरांनी चित्रं काढली. मुक्त परवान्याची पुस्तकं ठेवणाऱ्या एका वेबसाइटवर चढवताना लेखकाच्या रकान्यात मी माझं नाव टाकलं. लिहिलं मीच होतं, त्यामुळे दुसरा विचारच मनात आला नाही. बाईला विचारलं होतं, "पुस्तक करू का?" ती म्हणाली होती, "करा की." मला तेवढं पुरे वाटलं.

पुस्तक वाऱ्यासारखं सुटलंच. नागभीडकडच्या शाळांनी छापलं, सिरोंच्याकडच्या एका शिक्षिकेनं तेलुगूत केलं. सगळ्यांनी अट पाळून पहिल्या पानावर माझं नाव ठळक दिलं. माझी कॉलर आठवडाभर ताठ होती.

छापील प्रत घेऊन मी बाईच्या अंगणात गेलो आणि वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत हसत होती. मग म्हणाली, "सुरुवात कुठी गेली?"

"हीच सुरुवात, बाई."

"नाई. माह्या आत्याचं नाव कुठी हाये? माह्या आत्यानं सांगतली मले ही गोष्ट."

मी म्हटलं, ते गोष्टीत येत नाही. ती एकदम गंभीर झाली. "गुरुजी, तिले जाऊन लय वर्सं झाली, तिले लेकरू नाई. तिच्या नावानं कोणी काई करत नाई. मी गोष्ट सांगतली का तिचं नाव निघते, तेवढंच. तुमी ते काऊन काढलं?"

काय सांगणार? मेमरी कमी होती म्हणून? लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. त्या रागातच घरी येऊन वेबसाइटवरचं पान बदललं, आत्याचं नाव सगळ्यात वर घातलं. पण छापलेल्या प्रती कशा बदलणार? एकदा दिलेली मुभा परत घेता येत नाही, हे मॅडमनी सांगितलं होतंच. मी शाळाशाळांत फोन केले, पहिल्या पानावर हातानं नाव लिहा म्हणालो. काहींनी लिहिलं. एकजण म्हणाला, "काय फरक पडते सर, तुमचं तं हाये ना!" त्याच्यावर मी असा ओरडलो की बायको बाहेर आली. खरं तर ओरडायला पाहिजे होतं स्वतःवर.

त्या हिवाळ्यात नागभीडजवळच्या एका शाळेत मुलांचा कथाकथनाचा कार्यक्रम होता. तिथं ही गोष्ट होणार हे कळल्यावर बाई म्हणाली, मले घेऊन चला. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. हात जोडले, आणि गोष्टीच्या आधी पुस्तकातलं नाव घेतलं. माझं. मग स्वच्छ, मोठ्या आवाजात पूर्ण गोष्ट सांगितली. एक शब्द चुकली नाही.

मी तिला जवळ बोलावून विचारलं, "ज्यांचं नाव घेतलंस, त्यांनी ही गोष्ट कोणाकडून ऐकली?"

"कोणाकडून नाई," ती म्हणाली. "त्याईनंच बनवली."

बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगली सांगतलीस, माय." मुलगी पळाली. मग बाई माझ्याकडं वळली, रागानं नाही, सांगायचं म्हणून सांगितल्यासारखी.

"गुरुजी, माही आत्या आज मेली."