गुडघ्याची चौकशी

ऑफिसात तिला सगळे 'डायरी' म्हणत. एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीत ती एकोणीस वर्षं विक्रीचं काम करत होती. कुठल्या गिऱ्हाइकाची मुलगी कितवीत आहे, कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो, सगळं तिला तोंडपाठ. प्रत्येक फोननंतर ती ते कंपनीच्या सिस्टिममध्ये लिहूनही ठेवायची. तसा नियमच होता.

घरी ती एकटी. आई जाऊन चार वर्षं झाली होती, भाऊ दूर दुसऱ्या शहरात. दिवसभर बोलून घसा बसायचा, पण स्वतःचं असं एक वाक्यही त्यात नसायचं. रविवारी पहिला शब्द तोंडातून निघायचा तो दुपारी, खालच्या दुकानदाराशी. तोही "पिशवी नको" एवढाच.

त्या वर्षी कंपनीने गिऱ्हाइकांची नव्याने वाटणी केली. कागद कारखान्याचे खरेदीप्रमुख अकरा वर्षं तिच्याकडे होते, ते दुसऱ्या विभागातून आलेल्या एका सहकाऱ्याकडे गेले. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"मॅडम, तुमच्या नव्या माणसाने फोन केला. माझं नाव नीट घेता येईना, पण डावा गुडघा कसा आहे विचारलं. धाकटीला नोकरी लागली का, तेही विचारलं."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही हे सगळं लिहून ठेवत होता?"

"हो, साहेब."

"असं होय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती गोष्ट तिच्या मनातून जाईना. शनिवारी सुट्टी होती. ती बस पकडून दीड तासावरच्या कारखान्यात गेली. साहेब शनिवारी अर्धा दिवस असतात, हेही तिला पाठ होतं. ओल्या लगद्याच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत ते एकटेच फायली चाळत बसले होते.

"आज काय विकायला आणलंय?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"काही नाही. सांगायला आले. लिहून ठेवायचे, ते खरं. पण विचारायचे तेही मनापासूनच."

त्यांनी चष्मा काढला. "बसा. मला एक सांगा, अकरा वर्षांत मला तुमच्याबद्दल काय माहीत आहे? घरी कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही. आई होती."

"कधी गेल्या?"

"तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, त्याच महिन्यात. कराराची मुदत संपत होती म्हणून आई गेल्याच्या पाचव्या दिवशी मी तुमच्या सहीला आले होते."

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग हळूच म्हणाले, "आणि मी अर्धा तास तुम्हाला टाक्यांचं सांगत बसलो! बोलला का नाहीत?"

"तुमचा गुडघा चालू होता ना."

त्यांना हसू फुटलं, तिलाही. पण हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि अश्रू थांबेचनात. चार वर्षांत पहिल्यांदा ती कोणासमोर रडत होती. साहेबांची तारांबळ उडाली. रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी टेबलावरच्या नमुन्याच्या टिपकागदाचा गठ्ठाच तिच्यापुढे सरकवला. "घ्या. आमचाच माल आहे," ते म्हणाले.

परत येताना बस रिकामी होती. तिने भावाला फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे, रात्री करतो," तो म्हणाला. नंतर त्याचा फोन आलाच नाही.

साहेब पुढे निवृत्त झाले. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांचा फोन येतो. "जेवलात का?" ते विचारतात. "हो, तुम्ही?" ती विचारते. दोघांनाही त्यापुढे काय बोलावं ते सुचत नाही. तरी कोणी लगेच फोन ठेवत नाही.