बॅटरीचं पाणी

बायको गेली त्याला चार महिने झाले. फुप्फुसं गेली होती. शेवटचं वर्षभर आमच्या वारज्याच्या घरात ऑक्सिजनचं यंत्र होतं. त्याच्या बाटलीत पाणी सारखं बुडबुडायचं. तो आवाज चालू आहे म्हणजे ती आहे, असं माझं गणित झालं होतं. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस येऊन यंत्र घेऊन गेला. मग पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, मी दार लावलं. आणि आतल्या खोलीत बुडबुड चालूच.

मला माहीत होतं काय आहे ते. तिच्या काचेच्या पेटीतला हवेचा पंप. पण माहीत असणं आणि अंगावर काटा न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ती समुद्रातल्या बिनकण्याच्या जिवांची प्राध्यापक होती. कोकणात किनाऱ्यावर तिची प्रयोगशाळा, आणि मी इथे स्वारगेट डेपोत बॅटऱ्यांच्या खोलीत. लग्न झालं तेव्हा ती बारावी पास, मी सातवी नापास. तिच्या वडिलांनी येरवड्याच्या आमच्या खोलीत बसून एकच विचारलं, पुढे शिकवाल का. मी हो म्हणालो. मुलगी आवडली होती म्हणून म्हणालो, शिक्षणाशी मला काही देणंघेणं नव्हतं. ती शिकत गेली, पीएचडी करून डॉक्टर झाली, तिकडे नोकरी लागली. मग सगळी नोकरीभर आम्ही सुट्टीच्या दिवसांचा संसार केला. बायको तिकडे आणि तुम्ही इथे, हे कसं चालतं, असं लोक विचारायचे. मी सांगायचो, म्हणूनच चालतं. तिकडे माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी मॅडमचे मिस्टर.

ओहोटी लागली की ती खडकांवर जायची. लोखंडी चौकट खडकावर ठेवायची आणि चौकटीच्या आत जे जे चिकटलेलं असेल ते मोजून वहीत लिहायची. तेच खडक, तीच चौकट, वर्षानुवर्षं. एकदा मी रजा काढून गेलो तर मला चौकट धरायला उभं केलं. मी एक दगड उलटवून पाहिला आणि तसाच टाकला. अख्ख्या दिवसात ती तेवढ्यासाठी बोलली. "होता तसा ठेवा. त्याच्याखाली कुणीतरी राहतं."

पुढे त्या खडकांवर भराव पडला, वर धक्का बांधला. भराव पडायच्या आधी तिने एका कपारीतून एक समुद्रफूल सोडवून प्रयोगशाळेत नेलं. नाव फूल, पण आहे प्राणी. बुडाने दगडाला चिकटून बसतो, वर तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या मऊ भुजा. निवृत्त झाली तेव्हा ते बरणीत घालून, बरणी मांडीवर घेऊन, एसटीने पुण्याला आली. एवढी वर्षं जगलं कसं, मी विचारलं. म्हणाली, नीट ठेवलं तर ही माणसांपेक्षा जास्त जगतात.

शेवटी शेवटी एका वाक्याला तिला तीन श्वास लागायचे. तेव्हा म्हणाली, "अहो, त्याला मरू देऊ नका. त्या खडकावरचं तेवढंच उरलंय." माझं काय करायचं ते सांगितलं नाही. मी रागावलो नाही. थोडा रागावलो.

रोज दुपारी चारला खुर्ची पेटीसमोर ओढून ती चिमट्याने त्याला कोळंबीचा तुकडा द्यायची. ती गेल्यावर मी द्यायला लागलो, पण तिच्या खुर्चीत बसवेना, म्हणून बाजूला स्टूल घेतलं. चार वाजले की ते पसरायचं, अजून मी चिमटा हातात घेतलेला नसायचा. आणि सगळ्या भुजा खुर्चीकडे. स्टुलाकडे एक नाही. मी स्टूल हलवून पाहिलं, पडदा ओढून पाहिला. खुर्चीकडेच.

मग ते मिटायला लागलं. आधी अर्धं, मग पूर्ण. कोळंबी त्याच्यावरून घरंगळून खाली पडायची. महिन्याभरात सुकल्या अंजिरासारखा गोळा झाला. काचेच्या कडेला पांढरं फुटायला लागलं. पुसलं की दोन दिवसांत परत. शेवटच्या आठवड्यात तिच्या ओठांवर असंच पांढरं धरायचं आणि मी ओल्या फडक्याने टिपायचो. आताही त्याच फडक्याने पुसत होतो. माझी खात्री झाली, याला कळलंय ती गेली ते, आणि हे तिच्या मागे निघालंय.

तिची एक विद्यार्थिनी आता त्याच प्रयोगशाळेत शिकवते. दर रविवारी फोन करायची, काका, कसं आहे ते? मी सांगायचो, मजेत आहे. खोटं. तिने येऊन उचलून नेलं असतं, मग घरात काय राहिलं असतं?

एका गुरुवारी दुपारी वीज गेली. आमच्याकडे गुरुवारी जातेच. पंखा थांबला, फ्रिज थांबला, शेजाऱ्यांचा टीव्ही थांबला. आणि त्या शांततेत आतली बुडबुड तशीच चालू. मी पलंगावर बसून होतो. वीज नाही, यंत्र केव्हाच गेलं, मग आत श्वास घेतंय कोण? किती वेळ तसा बसलो ठाऊक नाही. मग तिला हाक मारली. या वयात, भर दुपारी, रिकाम्या घरात.

उठून गेलो तर पेटीच्या मागे बॅटरी. वीज गेली की पंप तिच्यावर चालतो. मीच जोडून दिली होती, आणि साफ विसरलो होतो. मला हसू आलं नाही. झाकणं उघडून पाहिलं, पाणी उतरलेलं. बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, आणून त्यात भरलं. पेटीतलंही पाणी उतरलं होतं, त्यात मिठाचं पाणी कालवून भरलं, दर दोन दिवसांनी भरत होतो तसं. काचेवर तिने नेलपॉलिशने रेघ ओढली होती, बरोबर रेघेपर्यंत.

पुढच्या रविवारी मात्र खोटं बोलवेना. मरायला टेकलंय, म्हणालो. तिने एक एक विचारायला सुरुवात केली. काय खायला घालता, किती वाजता, आणि रेघेपर्यंत काय भरता?

"मिठाचं पाणी. समुद्राचं जनावर आहे ना."

तिने मला परत तेच म्हणायला लावलं. मग म्हणाली, "काका, पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. ते तिथेच राहतं. वरून तुम्ही आणखी घालताय. मॅडम आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, आमचे हे बॅटरीत कधी ॲसिड घालत नाहीत, नुसतं पाणी घालतात. तसं करा."

तीस वर्षं मी डेपोत नव्या पोरांच्या कानीकपाळी हेच ओरडलो. घरी जेवताना तिच्यापुढे हेच बोललो असणार, ती ऐकत नाही असं वाटायचं. आणि तिकडे ती पोरांना माझ्या नावाशिवाय माझंच शिकवत होती. अन् गुरुवारी मी एकाच जागी उभा राहून बॅटरीला बरोबर पाणी दिलं आणि तिच्या जिवाला मीठ.

एकदम बदलू नका, एकदम बदललं तरी मरेल, असं विद्यार्थिनी म्हणाली. रोज एक पेला खारं काढायचं, एक पेला गोडं घालायचं. बॅटरीचंच पाणी चालेल का विचारलं, तर म्हणाली, नवा सीलबंद कॅन आणा, उत्तम चालेल. स्वारगेटला जाऊन जुन्या ओळखीच्या दुकानातून दोन कॅन आणले. दुकानदार म्हणाला, अजून बॅटऱ्या करता का? म्हटलं, एकच.

रोज चारला एक पेला. अठरा दिवस गोळा गोळाच राहिला. त्यात जीव आहे की मी चिखलाला पाणी पाजतोय, कळायला मार्ग नव्हता. एकोणिसाव्या दिवशी टोकाशी एक भेग दिसली. परवा ते पसरलं. पूर्वीएवढं नाही, पण पसरलं. भुजा रिकाम्या खुर्चीकडे.

मग मी स्टूल सोडलं आणि खुर्चीत बसलो. बाही वर करून बोट पाण्यात घातलं. एका भुजेने ते धरलं, मग दुसरीने. गार, चिकट, हळू ओढल्यासारखं. ती असती तर म्हणाली असती, ओळखलं वगैरे काही नाही हो, खायचं आहे का ते बघतंय.

बघू दे म्हटलं. बोट तसंच ठेवलं.