घासलेली कड

युद्धपदकाच्या कडेवर सैनिकाचं नाव कोरलेलं असतं. परवा एका संग्राहकानं माझ्यासमोर एक पदक बाजूला टाकलं. म्हणाला, “नाव मागाहून कोरलंय. कचरा आहे.” माझं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती. मला एकोणीसशे पन्नासच्या सुमाराचा कल्याणचा सराफबाजार आठवला.

आंबिवलीची एक म्हातारी नवऱ्याचं पहिल्या महायुद्धातलं पदक घेऊन आलेली. गळ्यात घालायला तिला कडी लावून हवी होती. मी पदकवेडा, नाव वाचायला धावलो. तोवर सोनारानं चांदी खरी का ते बघायला अख्खी कड कानशीनं घासलेली. मी असा ओरडलो की दुर्गाडी किल्ल्यावरचे कावळे उडाले ते मुंब्र्यालाच टेकले.

“शेठ, माणूस पुसलात तुम्ही.”

“पदकावरच्या राजाचं तोंड शाबूत आहे ना? मग झालं.”

मी म्हातारीला विचारलं, “आजी, नाव काय त्यांचं?”

तिनं पदर तोंडाशी धरला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं.

सोनार फिसकन हसला. “लाजू नका, उखाण्यात घ्या.”

म्हातारी रागानं उठली. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “धोंडू राघो भोईर. कोर. माझ्यासमोर कोर.”