जोएलच्या कपाळावरची राख

बुधवारी दुपारी जोएल शाळेतून आला आणि त्याचं कपाळ एकदम स्वच्छ होतं! मी दारातच विचारलं, "कोणी पुसलं?"

त्या दिवशी आम्हा ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळी चर्चमध्ये मिस्साला फादरांनी सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि तसंच मी त्याला शाळेत सोडलं. जोएल तिसरीत आहे. यंदाच आमच्या गावच्या, सांडोरच्या शाळेतून काढून स्टेशनजवळच्या मोठ्या शाळेत घातलाय, आणि वर्गात आमच्यातला तो एकटाच.

"टीचरने पुसलं," एवढंच बोलला आणि आत जाऊन झोपला. सासूबाई तर कडाडल्याच. "आजच्या दिवशी पोराचं कपाळ पुसलं?"

नवऱ्याने तर गावच्या ग्रुपवर टाकायला मेसेज टाइप करूनही ठेवला. मी म्हटलं, थांब रे बाबा! एकदा तो ग्रुपवर गेला की सकाळी गेटवर पन्नास माणसं, त्यात निवडणुकीचे हौशी, मोबाईलवाले... आणि त्या गर्दीच्या मधोमध माझं पोर. "आधी मी एकटी जाऊन येते," म्हटलं. माझा राग नाकावर असतो हे माहीत असल्यामुळे तो हसला, पण थांबला.

रात्रभर मनात भांडत होते. काय काय सुनवायचं ते सगळं पाठ करून गुरुवारी शाळा भरायच्या आधी पोचले. त्याच्या वर्गाच्या स्नेहल टीचर साताऱ्याकडच्या, याच वर्षी आलेल्या. मला बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

"हो, मीच पुसलं," त्या म्हणाल्या. "पण जोएलनेच सांगितलं पुसायला. सान्वी आणि बाकीची मुलं विचारत होती, कोणी काळं फासलं रे तुला? तो बाथरूममध्ये जाऊन रडत होता, का रडतोस विचारलं तेव्हा कळलं... मला वाटलं कपाळाला कसलातरी डाग लागलाय. ते काय असतं, खरंच माहीत नव्हतं हो."

पाठ केलेलं सगळं तिथेच फुकट गेलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन, "टाकू का?" मी म्हटलं, "अजिबात नाही!" आणि कट केला.

मला वाटलं, आता टीचर मुलांना ओरडतील. पण त्या म्हणाल्या, "जोएलची मम्मी, तुम्हीच येता का वर्गात? मी सांगितलं तर ती शिक्षा वाटेल."

मी काय शिकवणार, कपाळ! तरी गेले. जोएल तर मान खाली घालून बसलेला, मला बघून अजूनच आकसला. शेवटी मी साधंच विचारलं... तुमच्या घरी कपाळाला कोण काय लावतं?

झालं, एकच गलका. टिळा, गंध, कुंकू... एक जण म्हणाला, "आमचे आजोबा बुक्का लावतात, तो पण काळाच असतो." मग ती 'काळं फासलं' म्हणणारी सान्वी हळूच उठली. "माझी आजी परीक्षेला जाताना अंगारा लावते... ती पण राखच ना?"

मी काही बोलणार, तेवढ्यात जोएल उभा राहिला. "आमची राख झावळ्यांची असते. ईस्टरच्या आधी चर्चमध्ये मिळतात, त्या आम्ही घरी वर्षभर ठेवतो, मग चर्चला परत देतो, मग फादर जाळतात. त्यात आमच्या घरची पण होती." आवाज कापत होता, पण बोलला हो माझा बाळ! मला तर तिथेच रडू फुटलं.

दुपारी स्कूटरवर मागून म्हणाला, "मम्मी, टीचरने आधी माझे डोळे पुसले, मग कपाळ."

कपाळ कोणी पुसलं, हे आम्ही घरात सगळ्यांनी विचारलं. का पुसलं, हे पोराला आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं... तुम्ही मात्र त्याला का रडतोस ते विचारलंत. थँक्यू, स्नेहल टीचर.