मावसभावाचा न दिसणारा मांडव

ढाणकीत आजवर जन्मलेल्या माणसांपैकी सशांवर सर्वांत जास्त उपकार कुणी केले असतील, तर माझ्या मावसभावाने. दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत तो माशांच्या खवल्यांपासून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आरपार दिसेल असा पडदा बनवतो. त्यावर पेशी वाढवून तो सशाच्या बिघडलेल्या बुबुळावर बसवतो. पेशी रुजल्या की पडदा विरघळतो आणि ससा बघू लागतो. (तो डोळा आधी बिघडवतो कोण, हे विचारू नये.) हे सगळं तो लग्नाच्या पंगतीतही समजावतो. "दोडक्याच्या वेलाले मांडव लागते का नाही? तसा हा पेशीचा मांडव हाय." एवढ्यावर थांबेल तर तो शास्त्रज्ञ कसला! पुढ्यातला पापड लग्नपत्रिकेवर धरून आरपार अक्षरं दिसतात का ते बघतो, आणि दिसली नाहीत की आचाऱ्याची कीव करतो. महागावच्या बाजारात लोक मासे घेतात, हा पिशवीभर खवले मागतो. "साहेब, मासा कायले सोडून राह्यले?" असं मासेवालीने विचारलं, तर तिलाही त्याने मांडव सांगितला. तेवढ्यात तिची गिऱ्हाइकं पांगली.

या वेडामागे मावशी होती, हे मात्र मान्य करायला हवं. एका उन्हाळ्यात तिचे डोळे आले, शेजारणीच्या सल्ल्याने तिने त्यांत कसलासा पाला पिळला आणि दोन्ही बुबुळं पांढरी होऊन डोळ्यांत फूल पडलं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवता येईल, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. पण आमचे चिरंजीव बाणेदार! "दुसऱ्याचं कायले, आई? मी बनवतो ना तुह्यासाठी." मावशीही त्याचीच आई. डोळा लावीन तर पोराच्याच हातचा, असं गावभर सांगत सुटली. मग वर्षानुवर्षं दर दिवाळीला हा सशांची खुशाली घेऊन यायचा. "बरं झालं बापू," मावशी म्हणायची, "सशाले दिसलं. आता मले कधी दिसन?" त्यावर माणसाला पडदा लावण्याच्या परवानग्या किती कठीण, याचं व्याख्यान व्हायचं. मावशी शेंगा फोडत ऐकायची.

एका दिवाळीला त्याने एक पडदाच घरी आणला. ओसरीवर ताटलीतल्या पाण्यात ठेवला आणि आम्हाला बोलवायला गेला. आम्ही पोचेपर्यंत मावशीने चाचपत ताटली उचलून जास्वंदीला ओतली होती.

"नुसतं पाणीच तं व्हतं!"

"आई, त्यात तुहा डोळा होता."

पडदा फारच उत्तम जमला असणार, कुणाला दिसलाच नाही, असं मी म्हणालो. मावशी जास्वंदीपाशी बसून दोन्ही हातांनी चिखल चाचपू लागली. "थांब बापू, सापडन. आत्ता तं ओतला." मग खाली बसून त्याने तिचे हात धरले, तांब्याने धुतले. "राहू दे आई. आपण दुसऱ्याचाच बसवू."

कुण्या अनोळखी माणसाने मरताना दिलेलं बुबुळ मावशीला बसलं. पट्टी सुटली तेव्हा समोर हाच होता. मावशीने डोळे मिचकावले, त्याचा चेहरा जवळ ओढला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"बापू," ती म्हणाली, "तुहे केस कधी पिकले रे?"