डिकीतली बॅटरी

मरोळमधला सगळ्यात भित्रा मेकॅनिक म्हणजे बाळा परब, आणि म्हणूनच लोक शर्यतीच्या गाड्या त्याच्याकडे आणत. रिक्षात बसला तरी जो पुढचा दांडा घट्ट धरून बसतो, तो माणूस कुठे नट ढिला ठेवणार नाही, हा लोकांचा होरा बरोबर होता. बाळाचे वडील गिरणीत होते. तो शाळेत असताना गिरणी बंद पडली, आणि चाललेलं काहीही कधीही बंद पडू शकतं ही धास्ती त्याच्या अंगात मुरली ती कायमची.

अशा माणसाच्या पोटी देवाने प्रांजल घातली. पोरगी शाळेपासून गॅरेजमध्ये लुडबुड करायची, ती थेट ट्रॅकवर गाडी पळवायलाच लागली. बाळा तिची गाडी जीव लावून तयार करी, पण शर्यत बघायला एकदाही गेला नव्हता.

"जिंकलीस की फोन कर," तो म्हणायचा.

"आणि हरले तर?"

"तर आधी कर."

यंदा तिची तक्रार होती की वळणावर गाडीचं नाक ऐकत नाही, स्टिअरिंग फिरवलं तरी सरळच जातं. लहान गाडीत सगळा बोजा पुढेच असतो. इंजिन काही हलवता येत नाही, म्हणून बाळाने बॅटरी उचलून मागे डिकीत नेली आणि जाड केबल गाडीच्या पोटातून मागपर्यंत ओढली. त्याची एक पद्धत होती. बॅटरी जागेवर धरणाऱ्या पट्टीचे नट आधी नुसते बोटांनी फिरवायचे, प्रांजलला सीटवर बसवायचं, चारी चाकांखाली वजनकाटे लावायचे आणि बॅटरी इंच-इंच सरकवत बसायचं. वजन मनासारखं बसलं की मगच नटांना पाना लावायचा.

ते मनासारखं बसलं नेमकं दसऱ्याच्या सकाळी. बाळाने पाना हातात घेतला आणि बायको प्रेमा पूजेचं ताट घेऊन दारात उभी राहिली.

"अवो, आता पुरे झाला. तो पानो पण ठेवा पाटार," ती म्हणाली.

त्याने पाना पाटावर ठेवला. पाने, हातोडे, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला गेला. एकदा हत्यारांवर फूल पडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम बाळाने कधी मोडला नव्हता. मग पेढे झाले, शेजारच्या गाळ्यातली माणसं सोनं द्यायला आली, गप्पा रंगल्या. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर सराव होता. सीमोल्लंघन आजच करते म्हणून प्रांजल हटून बसली. ट्रेलरवर गाडी चढली, सोबत गॅरेजमधला जुना मेकॅनिक सर्वेश निघाला. डिकीचं झाकण बाळाने स्वतःच्या हाताने लावलं आणि वर गाडीला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांवरची सुकलेली फुलं काढताना तो पाना हाताला लागला, आणि बाळाला आठवलं.

नट आवळलेले नव्हते.

तो मटकन स्टुलावर बसला. दगडासारखी जड बॅटरी नुसत्या बोटांनी फिरवलेल्या नटांवर उभी होती. गाडी उभी असताना ती हललीही नसती, तिथे गाडी तपासणाऱ्याच्या डोळ्यांनाही काही दिसलं नसतं. पण ट्रॅकवरचे हादरे आणि जोराचे ब्रेक यांनी ते नट उलटे फिरत सुटणार होते. बॅटरी आडवी झाली, तिचं टोक पत्र्याला टेकलं, की ठिणग्या. आणि पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्याने प्रांजलला फोन लावला, तो वाजतच राहिला. तिने उचलला नाही, म्हणजे डोक्यावर हेल्मेट चढलं. त्याने सर्वेशला लावला.

"हां शेठ, बोला. पोरगी आत्ताच गेली ट्रॅकवर. झकास पळतेय."

"थांबव तिला."

"काय?"

"बॅटरीचे नट ढिले आहेत. मी आवळलेच नाहीत. झेंडा दाखवायला सांग, नाहीतर आडवा पड, पण थांबव रे तिला."

सर्वेश पळाला. फोन चालूच होता. पावलांचा धपधप आवाज, कुणाचा तरी ओरडा, आणि मागे घोंघावणाऱ्या गाड्या. प्रेमा चहा घेऊन आली, नवऱ्याचं तोंड बघून तिने कप तसाच खाली ठेवला. "काय झाला?" तिने विचारलं. बाळाचा कान फोनकडे होता. आपण पोरीला मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

बऱ्याच वेळाने फोनवर सर्वेशचा श्वास आला. "आली आत. शेठ, एक नट डिकीत पडलाय. दुसरा जेमतेम दोन आट्यांवर अडकलाय."

बाळाने डोळे मिटले. मग प्रांजलचा आवाज आला. नेहमीचा नव्हता.

"बाबा, मला परत गाडीत बसायची भीती वाटतेय. तुम्ही म्हणाल तर परत येते. खरंच येते."

इतकी वर्षं बाळा याच वाक्यासाठी देवापुढे हात जोडत होता. आता ते आयतं समोर आलं होतं. ये म्हणायचं, की संपलं. पोरगी पुन्हा कधी ट्रॅकवर जाणार नव्हती, आणि तिला ती भीती बापाच्या हाताने लागलेली असणार होती.

"सर्वेशला तिथल्या कुणाचा तरी पाना मागून आणायला सांग," तो म्हणाला. "दोन्ही नट तू स्वतः आवळ."

पाना लागल्याचा आवाज त्याला ऐकू आला.

"आता फिरत नाही, बाबा."

"अजून जोर लाव."

"नाही फिरत."

"मग जा," तो म्हणाला.

तिने फोन सर्वेशच्या हातात दिला. बाळाने त्याला तो बंद करू दिला नाही. तो फोन कानाला दाबून स्टुलावर बसून राहिला, आणि तिकडे घोंघावणाऱ्या गाड्यांमधली आपली कुठली, हे त्याला काही केल्या ओळखता येत नव्हतं.